पेनड्राइव्हवरून डॉस सुरू करणे: फाइली उतरवल्या, तरी बूट का होत नाही?

अडगळ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००८ च्या सुमारास घेतलेला एक डेस्कटॉप संगणक अजून कामात आहे. त्यातला ड्युअल कोअर प्रोसेसर काढून, हाताशी आलेला क्वाड कोअर बसवावा असा विचार आहे. मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेल्या यादीत हा प्रोसेसर आहे, मात्र त्यासाठी बायोसची (संगणक सुरू होताच आधी चालणारा, मदरबोर्डच्या चिपवरचा प्रोग्राम) शेवटची आवृत्ती आवश्यक आहे. ती एका झिप फाइलमध्ये मिळते. झिपमध्ये बायोसची रॉम फाइल, ती चिपवर लिहिणारा डॉसचा (विंडोजपूर्वीची, आज्ञा टंकून चालवायची प्रणाली) एक प्रोग्राम आणि ‘बूट होणाऱ्या फ्लॉपीवर या फाइली घ्याव्यात’ असे सांगणारी चार ओळींची सूचना आहे. विंडोजमधून बायोस बदलण्याची सोय या बोर्डासाठी दिलेली नाही आणि फ्लॉपी ड्राइव्ह संगणकात मुळातच नाही.

म्हणून मी ८ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोज ७ मध्ये फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला, विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीच्या इमेजमधून आयओ डॉट सिस, एमएसडॉस डॉट सिस आणि कमांड डॉट कॉम या तीन फाइली काढून त्यावर उतरवल्या आणि बूट मेनूतून तो पेनड्राइव्ह निवडला. पडद्यावर ‘रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया’ आणि त्याखाली ‘प्रेस एनी की टु रीस्टार्ट’ एवढेच येते. दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर हेच केले तर तोही संदेश नाही, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो. फाइली त्याच आहेत, संगणकही तोच आहे. मग दोन पेनड्राइव्ह दोन तऱ्हांनी का वागतात आणि मी नेमके काय करायचे राहिले आहे?

कळफलक

आपण दोन्ही लक्षणे नीट नोंदवलीत हे फार बरे केले, कारण अर्धे उत्तर त्यांतच आहे.

फाइली उतरवल्या म्हणजे डॉस बसवले, असे आपल्याला वाटते. बायोसला मात्र फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नसते. संगणक सुरू होताना बायोस निवडलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, उचलून मेमरीत एका ठरलेल्या जागी ठेवतो, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे का ते पाहतो आणि असेल तर कारभार त्या ५१२ बाइटांच्या हाती सोपवून मोकळा होतो. फॅट, फोल्डर, कमांड डॉट कॉम यांच्याशी त्याचा काही संबंध नाही.

डिस्कवर पार्टिशन असतील तर हा पहिला सेक्टर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. त्यात सुरुवातीचे ४४६ बाइट कोडसाठी असतात आणि त्यापुढे प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींत पार्टिशन कुठे सुरू होते, किती मोठे आहे आणि कोणते ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे, हे लिहिलेले असते. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे त्या नोंदीचा पहिला बाइट षोडशमान पद्धतीत ८० असणे, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. मास्टर बूट रेकॉर्डमधला कोड अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन शोधतो, त्याचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो आणि त्याला पुढे करतो. हा दुसरा सेक्टर म्हणजे त्या पार्टिशनचा बूट सेक्टर. फॅटची रचना समजणारा पहिला प्रोग्राम हाच, आणि त्याच्या पोटात एका फाइलचे नाव कोरलेले असते. फ्रीडॉसच्या (एमएस-डॉसला पर्याय असलेले मोफत डॉस) बूट सेक्टरात ते कर्नल डॉट सिस असते, विंडोज ९८ च्या डॉसमध्ये आयओ डॉट सिस असते आणि विंडोज ७ ने फॉरमॅट केलेल्या फॅट३२ पार्टिशनात बूटएमजीआर असते.

आता आपल्या पहिल्या पेनड्राइव्हकडे पाहा. तिथे संदेश आला, याचा अर्थ बायोसने ड्राइव्ह वाचला आणि बूट सेक्टरातला कोड चाललासुद्धा. फक्त तो विंडोज ७ ने लिहिलेला कोड होता. त्याने बूटएमजीआर नावाची फाइल शोधली, ती मिळाली नाही आणि त्याने हात वर केले. शेजारी आयओ डॉट सिस ठेवलेली असली तरी तिच्याकडे पाहण्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. दुसऱ्या पेनड्राइव्हवर कारभार त्या सेक्टरापर्यंत पोहोचलाच नाही. बहुधा त्याच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्ये चालण्याजोगा कोड नसावा किंवा एकही पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह नसावे. विकत मिळणारे पेनड्राइव्ह माहिती साठवण्यासाठी फॉरमॅट केलेले असतात, बूट होण्यासाठी नव्हे, त्यामुळे यात नवल नाही.

पूर्वी फ्लॉपीवर ‘सिस ए:’ ही आज्ञा देत असू, ती नेमके हेच काम करत असे: फाइलींबरोबर बूट सेक्टरही लिहीत असे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे १६ बिटांचे प्रोग्राम चालतच नाहीत, म्हणून तो सिस प्रोग्राम आपल्या हाती असूनही उपयोगाचा नाही. विंडोजबरोबर येणारा बूटसेक्ट प्रोग्रामही इथे चालणार नाही, कारण तो विंडोजचाच बूट सेक्टर लिहितो.

उपाय सोपा आहे. रूफस नावाचा लहानसा मोफत प्रोग्राम २०११ पासून उपलब्ध आहे आणि त्याच्या पोटातच फ्रीडॉस असल्यामुळे वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. मात्र रूफसच्या अलीकडच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, तेव्हा एक तर त्याची जुनी आवृत्ती घ्यावी किंवा हे काम दुसऱ्या संगणकावर करावे. वरच्या यादीत आपला पेनड्राइव्ह निवडावा, ‘बूट सिलेक्शन’मध्ये फ्रीडॉस निवडावे, पार्टिशन स्कीम एमबीआर आणि फाइल सिस्टीम फॅट३२ आहे याची खात्री करावी आणि स्टार्ट दाबावे. पेनड्राइव्हवरची सर्व माहिती पुसली जाईल, असा इशारा येतो तो खराच आहे. मिनिटभरात मास्टर बूट रेकॉर्ड, अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन, योग्य बूट सेक्टर, कर्नल आणि कमांड डॉट कॉम असे सगळे जागच्या जागी बसते. त्यानंतर आपली रॉम फाइल आणि लिहिणारा प्रोग्राम नेहमीप्रमाणे त्यावर कॉपी करावा.

एक सांगून ठेवतो: रूफसचे फ्रीडॉस अगदी लंगोटीवरचे आहे. डिर, कॉपी, टाइप या आज्ञा कमांड डॉट कॉमच्या आतच असल्यामुळे चालतील, पण एडिट, एफडिस्क, एक्सकॉपी असे वेगळे प्रोग्राम त्यात नसतात. बायोस लिहिण्यासाठी त्यांची गरज नाही आणि एफडिस्क हाताशी नसलेला अशा वेळी बराच म्हणायचा.

शून्यएक

कळफलक यांचे विवेचन उत्तम आहे. मला एक शंका आहे. धागाकर्त्यांकडे विंडोज ९८ चे मूळ डॉस आहे, मग फ्रीडॉस कशाला? बायोस लिहिणारे जुने प्रोग्राम मूळ एमएस-डॉस गृहीत धरून लिहिलेले असतात. पर्यायी डॉसमध्ये असा नाजूक प्रोग्राम चालवणे मला धोक्याचे वाटते.

कळफलक

शंका रास्त आहे, पण धोका जिथे आपल्याला वाटतो तिथे नाही. बायोस लिहिणारा प्रोग्राम डॉसकडून मुख्यतः दोनच गोष्टी घेतो: स्वतः मेमरीत चढणे आणि रॉम फाइल वाचणे. त्यानंतर तो थेट चिपशी बोलतो आणि डॉस बाजूला बसून पाहत असते. ही दोन्ही कामे फ्रीडॉस चोख करते. ते आजकालचे पोरही नाही. मायक्रोसॉफ्टचा एमएस-डॉसमधला रस संपत आला आहे हे दिसू लागल्यावर जिम हॉल यांनी २९ जून १९९४ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. १.० ही आवृत्ती यायला २००६ उजाडले, १.३ ही २०२२ मध्ये आली. आज अनेक उत्पादक स्वतःच बायोसच्या फाइलींबरोबर फ्रीडॉसची इमेज देतात.

मूळ एमएस-डॉसच्या अडचणी अधिक आहेत. सुटे मिळणारे शेवटचे ६.२२ फॅट३२ ओळखत नाही आणि २ जीबीपेक्षा मोठे पार्टिशनही त्याला झेपत नाही. विंडोज ९८ मधल्या डॉसला फॅट३२ कळते, पण ते डॉस सुटे म्हणून कधी विकलेच गेले नाही, त्यामुळे ते वाटण्याचा परवाना कुणाकडे नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ४.०० या आवृत्तीचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला, ही आनंदाची गोष्ट असली तरी ती संग्रहालयाच्या अंगाने. ८ जीबीच्या पेनड्राइव्हसाठी तिचा उपयोग नाही.

खरा धोका मेमरी मॅनेजरचा असतो. ईएमएम३८६ किंवा फ्रीडॉसमधले जेम३८६ असा मेमरी मॅनेजर (डॉससाठी जादा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम) चढलेला असेल तर प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ अवस्थेत चालतो आणि चिपवर लिहिणारे बरेच प्रोग्राम त्या अवस्थेत काम करण्यास नकार देतात किंवा मध्येच अडकतात. नकार दिला तर ठीक, मध्येच अडकणे वाईट. रूफसच्या पेनड्राइव्हवर असे काही चढत नाही, म्हणून मी तो सुचवला. फ्रीडॉसची पूर्ण इमेज वापरत असाल तर सुरुवातीच्या मेनूत मेमरी मॅनेजर न चढवणारा पर्याय घ्यावा, नाहीतर बूट होताना एफ५ दाबून कॉन्फिगच्या सगळ्या ओळी टाळाव्यात.

टर्मिनल

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पुरवणी जोडतो. फ्रीडॉसच्या संकेतस्थळावर पेनड्राइव्हसाठी ‘लाइट’ आणि ‘फुल’ अशा दोन इमेज मिळतात. झिप उघडल्यावर आत आयएमजी प्रकारची फाइल असते. ती पेनड्राइव्हवर ‘कॉपी’ करायची नसते, पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहायची असते. त्यासाठी डीडी ही आज्ञा आहे: ‘इफ’ म्हणजे इमेजची फाइल, ‘ओएफ’ म्हणजे पेनड्राइव्हचे साधन. इथे एसडीबी असे संपूर्ण साधन द्यायचे असते, एसडीबी१ असे पार्टिशन नव्हे. पार्टिशन दिले तर मास्टर बूट रेकॉर्ड चुकीच्या जागी जाऊन बसतो आणि पेनड्राइव्ह बूट होत नाही. आज्ञा देण्यापूर्वी जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके ही आज्ञा चालवून आकारावरून साधन ओळखावे आणि लिहून झाल्यावर सिंक द्यावे.

दोन गोष्टींनी नवखा माणूस गोंधळतो. इमेज लिहिल्यावर १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर अगदी लहान पार्टिशन दिसते आणि ‘पेनड्राइव्ह बिघडला’ असे वाटते. तो बिघडलेला नसतो. इमेजमध्ये जेवढे पार्टिशन होते तेवढेच आता नोंदलेले आहे, बाकी जागा नोंदीशिवाय पडून आहे इतकेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या इमेजवरून बूट केल्यावर थेट प्रॉम्प्ट येत नाही, इन्स्टॉलर सुरू होतो. फ्रीडॉस हार्ड डिस्कवर बसवायचे का असे तो विचारतो आणि पुढे पार्टिशन करण्याचीही तयारी दाखवतो. ज्यांना फक्त बायोस लिहायचा आहे त्यांनी भाषा निवडल्यानंतर डॉसकडे परतण्याचा पर्याय घ्यावा आणि ‘येस’वर यांत्रिकपणे एंटर मारत बसू नये.

आणखी एक सवय लावून घेण्याजोगी आहे. पेनड्राइव्ह तयार झाला की तो खऱ्या संगणकाला लावण्याआधी क्यूइमूमध्ये (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) कच्च्या डिस्कच्या रूपात जोडून पाहावा. तिथे प्रॉम्प्ट आला तर पेनड्राइव्हची बाजू निर्दोष आहे आणि पुढची अडचण संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधायची, एवढे तरी ठरते.

रात्रपाळी

साधन ओळखण्याबद्दल टर्मिनल यांनी एका वाक्यात लिहिले आहे, त्यावर मला थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण ती चूक मी केलेली आहे. विंडोजमध्ये डिस्कपार्ट या डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह साफ करत होतो. ‘लिस्ट डिस्क’ दिले, डिस्क २ हा पेनड्राइव्ह आहे हे पाहिले, मग काही कारणाने पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टला लावला आणि यादी पुन्हा न पाहता ‘सिलेक्ट डिस्क २’ आणि ‘क्लीन’ असे लागोपाठ दिले. मधल्या काळात क्रमांक बदलले होते. डिस्क २ आता माझी बॅकअपची बाह्य डिस्क होती. डिस्कपार्ट ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही. ‘क्लीन’ म्हटले की पार्टिशनची नोंद त्याच क्षणी जाते.

सुदैवाने साधे ‘क्लीन’ पार्टिशनची नोंद पुसते, सगळा डेटा नव्हे, म्हणून टेस्टडिस्क हा प्रोग्राम रात्रभर चालवून बहुतेक पार्टिशन परत मिळाले. ‘क्लीन ऑल’ दिले असते तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले गेले असते आणि ही हकीकत इथेच संपली असती. तेव्हापासून पेनड्राइव्ह तयार करताना मी इतर सर्व बाह्य डिस्का काढून ठेवतो आणि निवड करण्यापूर्वी आकार मोठ्याने वाचतो. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण ५०० जीबी असे तोंडाने म्हटल्यावर हात थांबतो.

नवशिका

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला. रूफसने पेनड्राइव्ह तयार केला, सर्व पर्याय कळफलक यांनी सांगितले तसेच होते, तरी माझ्या नव्या लॅपटॉपच्या बूट मेनूत तो दिसतच नाही. विंडोजमध्ये मात्र तो उघडतो आणि आत कमांड डॉट कॉम दिसते. मला एक जुना डॉस प्रोग्राम चालवायचा आहे.

कळफलक

तुमचा पेनड्राइव्ह ठीक आहे, लॅपटॉपमध्ये डॉसला लागणारा बायोसच उरलेला नाही. डॉस अक्षर दाखवण्यापासून डिस्क वाचण्यापर्यंत बहुतेक कामे बायोसच्या इंटरप्टांकडून (क्रमांकाने बोलावल्या जाणाऱ्या सेवांकडून) करून घेते. पडद्यासाठी १०, डिस्कसाठी १३ आणि कीबोर्डसाठी १६ (हे आकडे षोडशमान आहेत). खरे तर यूएसबी म्हणजे काय हेही डॉसला माहीत नसते. पेनड्राइव्ह ही एक हार्ड डिस्क आहे आणि यूएसबी कीबोर्ड हा जुना साधा कीबोर्ड आहे, असे सोंग बायोस वठवतो म्हणून सगळे चालते. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आले. ते पहिला सेक्टर वाचून चालवत नाही, फॅट पार्टिशनातल्या ईएफआय फोल्डरमधला प्रोग्राम शोधते. डॉसकडे असा प्रोग्राम नाही, म्हणून मेनूत नोंदच येत नाही.

मधली काही वर्षे बहुतेक यूईएफआय यंत्रांत सीएसएम नावाची सोय असे. ती चालू केली की जुन्या बायोसचे सोंग पुन्हा मिळते. सेटअपमध्ये ‘सीएसएम’, ‘लेगसी सपोर्ट’ किंवा ‘लेगसी बूट’ अशा नावाने ती शोधावी. सिक्युअर बूट (फक्त सहीने प्रमाणित प्रोग्रामच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर हा पर्याय सहसा पुसट दिसतो, म्हणून ते आधी बंद करावे लागते. तुमच्या विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) असेल तर मात्र सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करा, नाहीतर परत येताना विंडोज ती मागेल. शिवाय इंटेलने २०१७ मध्येच, २०२० पर्यंत ही जुनी सोय काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला होता, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपमध्ये ती मिळेलच असे नाही. नसेल तर पेनड्राइव्ह कितीही वेळा नव्याने बनवला तरी फरक पडणार नाही.

फक्त जुना प्रोग्राम चालवायचा असेल तर बूट करण्याचा अट्टहास सोडून द्यावा. डॉसबॉक्स या डॉसचे सोंग करणाऱ्या प्रोग्राममध्ये तो विंडोजच्या आतच चालेल. खेळांपुरते डॉसबॉक्स पुरते, फाइल लॉकिंगवर अवलंबून असलेल्या डेटाबेसच्या प्रोग्रामांसाठी क्यूइमू किंवा तत्सम आभासी यंत्रात संपूर्ण फ्रीडॉस बसवणे मला अधिक भरवशाचे वाटते. पेनड्राइव्हवरून खरे डॉस लागते ते जेव्हा प्रोग्रामला यंत्राच्या चिपला हात घालायचा असतो तेव्हाच.

शून्यएक

याच ओघात विचारतो. काही नव्या बोर्डांच्या सेटअपमध्येच बायोस बदलण्याची सोय असते ना? तिथे डॉसचा पेनड्राइव्ह लागतो का?

कळफलक

लागत नाही. तिथे साधा फॅट३२ पेनड्राइव्ह पुरतो, कारण सेटअपच फाइल वाचतो. बूट होण्याचा प्रश्नच येत नाही. धागाकर्त्यांनीही आपल्या सेटअपमध्ये अशी सोय नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

अडगळ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेटअपमध्ये तशी सोय नाही, हे पाहून घेतले. मग रूफसची विंडोज ७ वर चालणारी जुनी आवृत्ती घेऊन पेनड्राइव्ह तयार केला आणि पहिल्याच प्रयत्नात काळ्या पडद्यावर सी: प्रॉम्प्ट आला. यंत्रातली विंडोजची डिस्क एनटीएफएस असल्यामुळे डॉसला ती दिसत नाही आणि पेनड्राइव्हलाच सी: हे अक्षर मिळाले, हे पाहून क्षणभर दचकलो होतो.

मात्र पुढे अडलो आहे. रॉम फाइलचे नाव बरेच लांब आहे. त्यात बोर्डाचे नाव, आवृत्ती आणि तारीख असे सगळे आहे. लिहिणाऱ्या प्रोग्रामला मी ते पूर्ण नाव दिले तर फाइल सापडत नाही म्हणतो. डिर दिल्यावर तिथे सहा अक्षरे, मग नागमोडी चिन्ह आणि १ असे काहीतरी दिसते. फाइल कॉपी होताना बिघडली असेल का? अशा फाइलने बायोस लिहिण्याचे धाडस होत नाही.

रात्रपाळी

फाइल बिघडलेली नाही. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचे आणि प्रत्यय तीन अक्षरांचा असतो. विंडोज फॅटवर लांब नाव लिहिताना सोबत असे एक आखूड नावही लिहून ठेवते आणि डॉसला तेवढेच दिसते. विंडोजमध्ये परत जाऊन फाइलला आठ अक्षरांच्या आत बसणारे, मधे जागा नसलेले नाव द्या. समजा न्यू डॉट रॉम.

धाडसाबद्दल म्हणाल तर डिरमध्ये फाइलचा आकार पाहा. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर ८ मेगाबिटची चिप असे, म्हणजे फाइल बरोबर १०,४८,५७६ बाइटांची हवी. एक बाइट इकडे तिकडे असेल तर उतरवतानाच काहीतरी चुकले आहे. आणि लिहिण्याआधी सध्याचा बायोस फाइलमध्ये जतन करण्याचा पर्याय त्या प्रोग्राममध्ये असेल तर तो आधी वापरा. पेनड्राइव्ह लिहिता येतो, सीडी लिहिता आली नसती. एवढ्यासाठी तरी पेनड्राइव्ह सरस.

टर्मिनल

दोन गोष्टी जोडतो. संगणकाला यूपीएस असेल तर तो जोडूनच हे काम करावे. आणि यूएसबी कीबोर्डवर विसंबू नये. काही जुन्या बायोसांत यूएसबी कीबोर्डचे सोंग अर्धवट असते आणि ऐन वेळी ‘वाय’ दाबले तरी पोहोचत नाही. पीएस/२ कीबोर्ड असेल तर तो लावावा.

अडगळ (धागाकर्ता)

काम झाले. क्रम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी हा धागा शोधत आले तर उपयोग होईल.

फाइलला आखूड नाव दिले. डिरमध्ये आकार बरोबर १०,४८,५७६ दिसला. आधी जुना बायोस ओल्ड डॉट रॉम या नावाने पेनड्राइव्हवर जतन केला, पेनड्राइव्ह काढून विंडोजमध्ये ती फाइल खरोखर उमटली आहे आणि तिचाही आकार तेवढाच आहे हे पाहिले, मगच परत येऊन नवा लिहिला. पडद्यावर आधी पुसण्याची, मग लिहिण्याची आणि शेवटी पडताळणीची अशा तीन पट्ट्या एकेक करून भरल्या. सगळे मिळून दीड मिनिट लागले असेल, पण मधली पट्टी साठ टक्क्यांवर दोन-तीन सेकंद थबकली तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो.

त्यानंतर मात्र नवाच घोळ झाला. संगणक सुरू झाला, बायोसची नवी आवृत्ती दिसली, पण विंडोजचे बोधचिन्ह येताच निळा पडदा चमकून जाई आणि यंत्र पुन्हा सुरू होई. प्रोसेसर अजून जुनाच होता, म्हणजे दोष त्याचा नव्हता. माझ्याकडून काही बिघडले का?

कळफलक

काही बिघडलेले नाही. नवा बायोस लिहिल्यावर सेटअपमधली मूल्ये सहसा मूळ पदावर जातात. आपले विंडोज बसवताना साटा कंट्रोलर (हार्ड डिस्क जोडणारा भाग) एएचसीआय पद्धतीत असावा आणि आता तो आयडीई पद्धतीत गेला असावा. विंडोज ७ बूट होताना त्याला हवा तो ड्रायव्हर मिळत नाही आणि ते कोसळते. निळ्या पडद्यावरचा क्रमांक ७बी ने संपतो का ते पाहा. सेटअपमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा एएचसीआय करा. तारीख आणि बूटचा क्रमही तिथेच तपासा.

अडगळ (धागाकर्ता)

अगदी तेच होते. क्रमांक ७बी नेच संपत होता. एएचसीआय केल्यावर विंडोज पहिल्यासारखे सुरू झाले, त्यानंतर प्रोसेसर बदलला आणि टास्क मॅनेजरमध्ये आता चार आलेख दिसत आहेत. ओल्ड डॉट रॉम असलेला पेनड्राइव्ह तसाच बाजूला ठेवला आहे.